बदली मी मागितली होती

गेल्या मे महिन्यात मुलगी तिच्या दोन मुलांना घेऊन पुण्याहून आमच्याकडं सांगलीला आली होती. दुपारची वेळ होती. पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. धाकटा नातू उघड्या अंगानं फरशीवर लोळत कुरकुर करत होता की पुण्याला असं नसतं. मुलगी हसली आणि त्याला म्हणाली, "हे काय ऊन आहे? आम्ही कर्नाटकाच्या सीमेवर राहायचो तिथलं बघायला हवं होतंस. आजीला माहेरची ओढ, म्हणून आम्ही सगळे तिकडं भाजून घ्यायला गेलो."

माझी बायको तेव्हा ताक पेल्यांत ओतत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं नातवापुढं पेला ठेवला आणि म्हणाली, "मीठ कमी झालं असंल तर सांग रं."

मुलगी रागानं बोलली नव्हती. राग केव्हाच गेला होता. आमच्या घराण्यात ही गोष्ट आता रागाची राहिलेली नाही. आजोबा उंच होते, विहिरीचं पाणी गोड होतं, तशीच धाकटी सून घर सोडून माहेराकडं निघून गेली आणि नवऱ्यालाही घेऊन गेली, ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट झाली आहे. मी समोरच खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. मी पान उलटलं.

बदली मी मागितली होती. तिनं नाही. ती नको म्हणाली होती, आणि एकदा नाही, अनेकदा म्हणाली होती. हे मी अलीकडं तोंडी सांगून पाहिलं. त्याचं काय झालं ते पुढं येईलच. म्हणून आता बसून लिहितो आहे.

आमचं गाव वडूज आणि औंधच्या मध्ये. कोरडवाहू रान, एक विहीर, थोडी मेंढरं. वडील लवकर गेले. थोरला भाऊ फौजेत भरती झाला आणि मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो. नोकरी वडूजलाच, त्यामुळं रोज घरून जाऊन येऊन. भाऊ सीमेवर, डोंगरात, बर्फात. वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचा. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, बहुतेक काळ त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये असायची. घर, आई, रान आणि जनावरं मी सांभाळली. मी सांभाळली असं म्हणायची सवय आहे. सांभाळलं बायकोनं, मी हुकूम सोडत होतो.

बायकोचं माहेर जतच्याही खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मेंढपाळांचं घराणं, पुढं शेती करू लागलेलं. घरात कानडी, बाहेर मराठी. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडच्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. माझी आई हसली नाही. आईचं आणि तिचं पहिल्यापासून जमलं. आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा देवीची परडी आईनं तिच्याकडं दिली. परडी म्हणजे वेताची टोपली, आमच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला असते. नवरात्रात घरातल्या बाईनं ती हातात घेऊन गावात पाच घरी जोगवा मागायचा असतो. सासूकडून ती सुनेकडं जाते. कायमची द्यायची तर देवीपुढं हळदीकुंकू लावून, ओटी भरून द्यायची. ते अजून व्हायचं होतं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं की परडी धाकटीकडं जाणार. आई उघड म्हणायची, "थोरली कवा येनार, कवा जानार. देवीला घरात मानूस लागतं."

मग भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि कायमचा घरी आला.

आता जे लिहितो आहे ते लिहायला सगळ्यात अवघड आहे, कारण ते फार किरकोळ आहे. भावानं माझं काहीही वाईट केलं नाही. माझ्याशी भांडला नाही, वाटणी मागितली नाही. तो आला त्या दिवसापासून आईनं पहिलं ताट त्याला वाढायला सुरुवात केली, एवढंच. इतकी वर्षं पहिलं ताट माझं होतं. जनावराला काय झालं विचारायला येणारी माणसं माझ्या ओट्यावर बसायची, ती आता सुभेदारांच्या गप्पा ऐकायला बसू लागली. गाभण म्हशीचं विचारायला आलेला माणूस म्हैस विसरून तोफांचं ऐकत बसायचा. आणि एक दिवस, पेरणीच्या तोंडाला, रानातली गडीमाणसं उभी असताना आई मला म्हणाली, "हिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली दे की थोरल्याकडं. आता त्यो हाय घरात."

भाऊ लगेच म्हणाला, "असू दे की त्याच्याकडं. मला काय करायची हाय?"

त्यानं किल्ली घेतली असती तर बरं झालं असतं. त्यानं ती मला ठेवू दिली, हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर मी आमच्या हेडक्लार्कला विचारलं, दुसऱ्या जिल्ह्यात विनंती बदली मागता येते का. तो माझ्याकडं बघतच राहिला. जिल्हा बदलला की ज्येष्ठता जाते, नव्या ठिकाणी सगळ्यांच्या शेवटी उभं राहावं लागतं. घराजवळची नोकरी सोडून असं कोणी मागत नाही. तो म्हणाला, "सांगलीत रिकामी जागा म्हणजे एकच असनार बघा, पार सीमेवरची. तिथं गेलेला मानूस पहिल्या दिवशी परत यायची खटपट सुरू करतो."

मी गावाचं नाव विचारलं. ते माझ्या सासुरवाडीपासून हाकेच्या अंतरावरचं निघालं. मी ते गाव सासुरवाडीसाठी निवडलं नव्हतं. मिळत होतं म्हणून घेतलं. पण नाव ऐकल्याबरोबर माझ्या मनात काय आलं ते मला आजही स्पष्ट आठवतं. आता कारण विचारलं तर सांगायला सोपं जाईल, असं आलं.

आमच्याकडं थोरल्या भावाचं ताट बघून जळणाऱ्या माणसाला तोंड दाखवायला जागा नसते. लहान पोरासारखं वागतोय म्हणून हसतील. पण बायकोच्या ऐकण्यात गेलेला माणूस सगळ्यांना कळतो. त्याला चार टोमणे मारतात आणि विषय संपतो. दोष बायकोकडं जातो आणि तिथंच राहतो.

बायकोला मी दुपारी परसात सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तिकडं? कुनी सांगितलं तुमाला तिकडं जायला?"

"निघालीय जागा. तुझं माहेर जवळ हाय. चांगलंच की तुला."

"माझं माहेर हाय म्हनूनच सांगते, नगा जाऊ. तिथं प्यायला पानी न्हाई. मी त्या उन्हातनं सुटून आले. आनि दिल्या घरची लेक पोरीला, नवऱ्याला घेऊन माघारी आली, तर गाव काय म्हनंल? भावजय दारात उभी करंल का मला?"

"आपन काय त्यांच्या घरात राहायला चाललोय?"

"पोरगी नववीत हाय. आत्तींचं गुडघं बघा. त्यांना न्हानीपातूर कोन धरून न्हेनार?"

"वहिनी हाय की आता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटतं तेव्हाच तिला सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "थोरल्या दाजींनी काय केलंय तुमचं?"

मी उठून गेलो. पुढंही काही दिवस ती सांगत राहिली, कधी पोरीचं, कधी आईचं, कधी नुसतंच नको म्हणून. मी अर्ज केला होता. बदलीचा हुकूम आला.

हुकूम आल्यावर आईला सांगावंच लागलं. सकाळची वेळ होती. आई ओट्यावर ऊन घेत बसली होती, भाऊ दाढी करत होता. आत चुलीपुढं बायको भाकरी थापत होती, तो आवाज बाहेर येत होता. आईनं विचारलं, "कशापायी चाललायस रं? कुनी काय बोललं का तुला?"

मी म्हणालो, "तिला तिकडंच बरं वाटतं. लय दिवस झालं मागं लागलीय."

आतला थापण्याचा आवाज थांबला. मी वाट बघत होतो की ती बाहेर येईल आणि खोटं आहे म्हणेल. थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला.

भाऊ फेस लावलेल्या तोंडानं हसला. "सासुरवाडीला पोस्टिंग! गड्या, आमी आयुष्यभर मागितली ती आरामाची पीस पोस्टिंग तुला मिळाली."

आई हसली नाही. आतल्या दाराकडं बघून ती म्हणाली, "परडी हातात घेऊन माझ्या म्होरं हिंडली ती, आनि मनात हे व्हतं व्हय?"

निघायच्या दिवशी आईनं बायकोची ओटी भरली, पण परडी खुंटीवरच राहिली. पुढच्या नवरात्रात ती देवीपुढं हळदीकुंकू लावून वहिनीला दिल्याचं आम्हाला तिकडं समजलं.

सीमेवरचं ते गाव एका रस्त्याच्या दोन बाजूंना वसलं होतं. एका बाजूच्या पाट्या मराठी, समोरच्या बाजूला कानडीही. दवाखान्याच्या मागं आम्हाला राहायला दोन खोल्या मिळाल्या, वर पत्रा. फेब्रुवारी संपला की तो पत्रा असा तापायचा की उभं राहिलं तर टाळूला झळ लागायची. बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर येईल तेव्हा घरात माणूस असलंच पाहिजे. बायको साडीचा पदर ओला करून डोक्यावर घ्यायची आणि रांगेत उभी राहायची. रांगेतल्या बायका तिला ओळखत होत्या. अमक्याची लेक, दिली होती साताऱ्याकडं, आली परत. तिची भावजय पहिल्या आठवड्यात आली आणि दारातूनच म्हणाली, "या की हो जावईबापू. आमच्या अक्कानं पार गावासकट आनलं की तुमाला." माझी बायको आतून म्हणाली, "गाव न्हाई आनलं, पानी तेवढं आनायचं राहिलं. दोन घागरी दे पाठवून." भावजय हसली, पण घागरी आल्या नाहीत.

माझं कामही तिच्याशिवाय चालत नव्हतं. दवाखान्यात येणारे मेंढपाळ कानडी बोलायचे. त्यांच्याकडची ती उंच, वाकड्या नाकाची माडग्याळ जातीची मेंढरं, आणि मालक काय सांगतो ते मला कळायचं नाही. मग मी मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारायचो. ती पिठाचे हात तसेच घेऊन यायची. मी विचारायचो, किती दिवस चरत नाही? ती कानडीत विचारायची, ऐकायची आणि मला सांगायची. हळूहळू माणसं तिलाच हाक मारू लागली, अक्का म्हणून. मुलगी सहा महिन्यांत कानडी बोलू लागली. मी शिकलो नाही. 'नीर' म्हणजे पाणी, तेवढा एक शब्द सारखा कानावर पडून राहिला. शिकावंसं वाटलं नाही, कारण शिकलो असतो तर आपण इथं आपल्या इच्छेनं आलो असं झालं असतं. माझ्याही मनात मला कोणीतरी तिथं आणून सोडलं होतं. खोटं बोलून फार दिवस झाले की असं होतं.

मुलीला ऊन सोसलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या नाकाचा घोळणा फुटू लागला. शाळेतून यायची तर पांढरा शर्ट पुढून लाल. दहावीच्या वर्षी, परीक्षेच्या थोडं आधी, ती अशीच आली. नववीपर्यंत वडूजच्या शाळेत पहिल्या दोघींत असायची. इथं गणिताला शिक्षकच नव्हता. बायकोनं तिला भिंतीशी बसवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. मी पलीकडच्या खोलीत स्टोव्हवर इंजेक्शनच्या सुया उकळत होतो. मधे दार नव्हतं, पडदा होता.

मुलगी म्हणाली, "तुझ्यामुळं झालंय हे सगळं. तुला तुझं गाव पायजे व्हतं. मला कुनी विचारलं?"

बायकोनं फडकं पुन्हा ओलं करून तिच्या डोक्यावर ठेवलं.

"आज्जीला सोडलं, शाळा सोडली. तुझं गाव तुलाच लखलाभ."

बायको म्हणाली, "व्हय बाई. माझंच गाव हाय. मान वर कर, रगत घशात जाईल... नगं, खाली कर. नाक दाबून धर."

मी सुया उकळत होतो. पडदा बाजूला करून एक वाक्य बोलायचं होतं. पोरीला आईचा राग येऊ द्यावा, माझा येऊ नये, असं मला वाटलं. ते वाटलं ते लिहून ठेवतो. त्या पोरीवर माझं फार प्रेम होतं आणि ते मला कमी करून घ्यायचं नव्हतं. आईचं कमी झालं तर ती सोसेल, असा माझा हिशोब होता. ती सोसत आलीच होती.

बायकोनंही मुलीला कधी सांगितलं नाही. का, ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली.

काही वर्षांनी आई गेली. सकाळी निरोप आला. दोन बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा आईला न्यायची तयारी झाली होती. आमच्याकडं बाहेरगावची लेक-सून दारात आली की आतल्या बायका उठतात, तिच्या गळ्यात पडतात आणि सगळ्या मिळून रडतात. ती कितीही भांडलेली असू दे, कोणीतरी उठतंच. माझी बायको दारात आली आणि रडतच पुढं झाली. कोणी उठलं नाही. वहिनी आईच्या डोक्याशी बसली होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "जाग्यावर मानूस नसलं की असं व्हतं. न्हानीत पडली बिचारी." बायको तशीच मधे उभी राहिली. हात थोडे पुढं केलेले होते, ते तिनं हळूच खाली घेतले. मग आईच्या पायांशी जाऊन एकटीच बसली.

मी हे ओट्यावरून बघितलं. तिथंही बोललो नाही. मयताच्या घरी कुठं विषय काढायचा, असं स्वतःला सांगितलं.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत घर घेतलं. गावी परत जायचं तिनं सुचवलं नाही आणि मी विचारलं नाही. लग्नाकार्याला जाऊन यायचो. कधी नवरात्रात गेलोच तर वहिनी परडी घेऊन निघायची तेव्हा बायको इतर बायकांबरोबर मागून चालायची. दोघी जावा एकमेकींशी नीट बोलायच्या, पाहुण्याशी बोलावं तसं.

मेमध्ये मुलगी ते बोलली, आणि मुलं खेळायला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बायको पेले विसळत होती. मी म्हणालो, "यंदा नवरात्रात गावाला जाऊ. मी दादाला सांगनार हाय."

"काय?"

"बदलीचं."

तिनं पेले पालथे घातले. "आता बोलून कुनाचं पोट भरनार हाय?" असं म्हणाली, पण नको म्हणाली नाही.

नवरात्रात गेलो. भाऊ आता काठी घेऊन चालतो, पण आवाज अजून परेडचा आहे. वहिनीचे गुडघे आईसारखेच झाले आहेत. घरात तोच विषय चालू होता, की परडी आता कोणाकडं द्यायची. त्यांची सून मुंबईला नोकरी करते, तिला सुट्टी मिळत नाही. मला वाटलं, हीच वेळ आहे. जेवणं झाली होती, सगळे सोप्यात बसलो होतो. भाऊ, वहिनी, पुतण्या, भावकीतली दोन माणसं आणि दाराशी माझी बायको. मी म्हणालो, "दादा, एक सांगायचं राहिलंय. ती बदली मी मागितली हुती. हिनं न्हाई. ही तर नको म्हनत हुती."

भावानं सुपारी कातरायची थांबवली. "कुठली बदली?"

"तिकडची. सीमेवरची. आईला मी खोटं सांगितलं. तू रिटायर होऊन आलास, पयलं ताट तुला जायला लागलं, ते मला सोसलं न्हाई. म्हनून गेलो. हिचा काय संबंध न्हवता."

भावानं अडकित्ता खाली ठेवला. मग भाऊ हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"ताट? अरं, ताटासाठी कोन जिल्हा सोडतं व्हय? सिन्यारिटी सोडली तू. आमच्या पलटनीत मेसच्या ताटावरनं भांडनं व्हायची, पन म्हनून कोन सासुरवाडीला न्हाई पळालं." त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "कळतंय रं मला. परडीचा विषय निघालाय, तर बायकोसाठी अंगावर घ्यायलायस. चांगलं हाय. म्हातारपनी असंच पायजे."

भावकीतला एकजण म्हणाला, "पहिल्यापासनं लय जपत्यात तात्या काकूंना. त्यापायीच तर गेलं तिकडं."

"मी खरं सांगतोय," मी म्हणालो.

"व्हय व्हय," भाऊ म्हणाला आणि मला सुपारी दिली.

माझा आवाज चढला असता, पण मला दिसलं की चढवून उपयोग नाही. मी जितकं जोरात सांगेन तितका मी चांगला नवरा ठरणार होतो. इतकी वर्षं माझं खोटं त्यांना पटत आलं होतं, कारण ते त्यांना ओळखीचं होतं. खरं जे होतं ते त्यांनी कधी कोणाच्या घरात पाहिलेलं नव्हतं. त्यांना हसताना बघून मला आणखी लाज वाटली, कारण मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं.

वहिनी मात्र हसली नव्हती. ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराशी बसलेल्या माझ्या बायकोकडं बघत होती. तिनं विचारलं, "व्हय गं?"

बायकोनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "व्हय."

वहिनी भिंतीला हात टेकत उठली. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवरची परडी काढली आणि बायकोपुढं येऊन धरली. म्हणाली, "आत्तींनी मला दिली त्या दिवशी बी त्यांचं लक्ष तुझ्यातच हुतं. दोनदा तुझ्या नावानं हाक मारली मला."

पुरुषांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, ऊस आणि पाण्याच्या पाळीवर. त्यांनी हे पाहिलंही नाही. बायकोनं परडीला हात लावला, तिच्यावर डोकं टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं ती परत वहिनीच्या हातात दिली.

"तुमीच ठेवा, अक्का. माझं बी गुडघं गेलं आता. पाच घरं फिरायची कशी?"

मला वाटत होतं की ती घेईल. ती घेईल आणि माझं काम होईल, असं मी धरून चाललो होतो. तिनं घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी बसनं सांगलीला निघालो. ती खिडकीशी बसली होती. कराडच्या पुढं उसाची रानं लागली तेव्हा मी म्हणालो, "घ्यायची हुतीस परडी. वहिनीनं स्वतः दिली."

"वय गेलं त्याचं."

"दादाला पटलं न्हाई, त्याला मी काय करू?"

ती माझ्याकडं वळली. "दाजींना कशाला सांगत बसला? त्यांनी काय वाकडं केलंय माझं? म्हातारा मानूस, हसला, झालं." मग बाहेर बघत म्हणाली, "पोरीला सांगितलं का?"

मी मांडीवरची पिशवी नीट घेतली.

"मला वाटलं हुतं, आदी तिला सांगशीला."

एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट असेल, आणि तीही मागितल्यासारखी नव्हती. मला गावात, भावकीत, चार माणसांत स्वच्छ व्हायचं होतं. तिला गावाचं केव्हाच काही वाटेनासं झालं होतं. तिचं जे गेलं होतं ते पडद्याच्या पलीकडं, ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसलेल्या पोरीपाशी गेलं होतं.

घरी पोचलो. संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागली. मी पुण्याला फोन लावला. मुलगी ऑफिसातून नुकतीच आली होती, मागं मुलांचा गोंगाट होता. प्रवास कसा झाला, मोठ्या काकांची तब्येत कशी आहे, असं विचारत होती. मी तिला थांबवलं आणि सांगितलं. ताटाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, आईला ओट्यावर काय बोललो ते सांगितलं. परसात तिची आई काय म्हणाली होती, तेही जमेल तसं सांगितलं. ती हसली नाही. मधे कुठंतरी तिनं मुलांना गप्प बसायला सांगितलं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माझा घोळणा फुटला होता. मी आईला बोलले होते. तुम्ही आत होता."

"व्हय."

"तुम्हाला ऐकू येत होतं."

"येत होतं."

मागं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आईला द्या."

मी स्वयंपाकघरात जाऊन फोन बायकोच्या हातात दिला. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, फोन कानाला लावला आणि माझ्याकडं पाठ करून ओट्याला टेकून उभी राहिली. मुलगी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बायको काही वेळ नुसती ऐकत होती. मग ती कानडीत बोलू लागली.

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. मधे एकदा बायको हसली, आणि एकदा तिनं नाक ओढलं. 'नीर' हा शब्द एकदा कानावर आला. बाकीचं मला कळलं नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठलो, तिच्या बाजूनं हात घालून गॅस बंद केला आणि परत बाहेर येऊन बसलो.